शब्द सगळ्यात शेवटी : कुत्र्याला खाऊ देऊन शिकवताना पायऱ्यांचा क्रम

संध्याकाळी सातच्या सुमाराला पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहा. "ब्रूनो, बस. बस. बस ना रे. अरे बस म्हणतोय ना!" हे कानावर पडतंच. ब्रूनो मालकाच्या मुठीकडे बघत उभा असतो. पाचव्या हाकेला मालक त्याच्या कमरेवर हात दाबतो, ब्रूनो टेकतो, लगेच उठतो, आणि उठल्यावर त्याला बिस्किट मिळतं. महिनाभर असं चाललं की घरचे म्हणतात, खाऊबिऊ देऊन काही होत नाही, याला धाकच पाहिजे.

खाऊत काही खोट नाही, क्रम उलटा झालाय. या अर्ध्या मिनिटात ब्रूनो तीन गोष्टी शिकला. 'बस' हा शब्द पहिल्या चार वेळा ऐकून सोडून द्यायचा असतो. कमरेवर हात आला की अंग ताठ करायचं असतं. आणि उठून उभं राहिलं की बिस्किट मिळतं. कुत्रा मंद असता तर हे इतकं पक्कं शिकला नसता.

खाली 'बस' आणि 'ये' ही दोनच कामं सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतली आहेत. 'थांब', 'सोड', 'जागेवर जा' हे सगळं याच क्रमाने शिकवता येतं. दिवसातून दोन-तीन वेळा, दर वेळी तीन ते पाच मिनिटं, एवढाच वेळ द्या. एकदम अर्धा तास घेऊन बसलात तर कुत्रा कंटाळतो आणि तुम्ही चिडता.

आधी एवढं समजून घ्या

कुत्रा दोन वाटांनी शिकतो. पहिली वाट परिणामाची. एखादी गोष्ट केली आणि लगेच फायदा झाला, तर ती गोष्ट तो पुन्हा करतो. फायदा झाला नाही, तर हळूहळू सोडून देतो. यात 'लगेच' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. परिणाम साधारण सेकंदाभरात आला पाहिजे. तीन सेकंदांनी दिलेला खाऊ त्या तिसऱ्या सेकंदाला तो जे करत होता त्याच्या खात्यात जमा होतो.

दुसरी वाट जोडीची. एका गोष्टीमागून नेहमी दुसरी येत असेल, तर पहिलीलाच दुसरीचा अर्थ चिकटतो. पट्टा खुंटीवरून काढला की तो नाचायला लागतो, नखं कापायची कात्री दिसली की पलंगाखाली जातो. त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं. इथेही क्रम महत्त्वाचा : खूण आधी, गोष्ट मागून.

फायदा कशाला म्हणायचं हे तुम्ही ठरवत नाही, तो ठरवतो. पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्याला तुम्ही "ए, खाली हो!" म्हणत दोन्ही हातांनी ढकलता, तेव्हा तुमच्या मते ती शिक्षा असते. त्याच्या लेखी तुम्ही त्याच्याकडे बघितलंत, बोललात आणि हात लावलात.

तयारी

खाऊ. मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन, पनीर, उकडलेलं अंडं किंवा रताळं यातलं काहीही चालतं. शाकाहारी घरात पनीर आणि रताळ्यावर काम व्यवस्थित होतं, फक्त पनीर पहिल्यांदा थोडंच देऊन पोट बिघडत नाही ना ते बघा. तुकडा हरभऱ्याच्या अर्ध्या डाळीएवढा. याहून मोठा नको, कारण चघळण्यात वेळ गेला की लय तुटते. दिवसभरातला सगळा खाऊ मिळून एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त होऊ देऊ नका, आणि तेवढं जेवण कमी करा. साध्या कामांसाठी त्याचं रोजचं जेवणच दाणा-दाणा करून वापरता येतं.

खाऊ कमरेच्या छोट्या कापडी पिशवीत ठेवा. प्लास्टिकची पिशवी नको. ती कुरकुरते, आणि कुत्रा तुमच्या शब्दाऐवजी त्या कुरकुरीवर हलायला शिकतो. मग पिशवी नसेल त्या दिवशी त्याला काही 'येत' नाही.

सावधान : चॉकलेट, द्राक्षं, मनुका, बेदाणे, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेली शुगर-फ्री च्युइंगगम कुत्र्याला विषारी आहे. घरात सत्यनारायण असेल तर प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणा विसरला जातो. श्रद्धेने कुणी त्याला प्रसाद भरवायला आलं तर नम्रपणे थांबवा. शिजवलेली हाडंही नकोत, ती चिरफाळतात.

शब्द ठरवा. मराठी घरांत इथे एक वेगळीच गफलत होते. आपल्याकडे 'बस' दिवसातून पन्नास वेळा उच्चारलं जातं : "बस झालं", "बसा ना", "बस चुकली". जो शब्द येता-जाता कानावर पडतो आणि ज्याच्यामागून काहीच घडत नाही, तो कुत्र्यासाठी पंख्याच्या घरघरीसारखा होतो. त्यामुळे 'बस' ठेवायचं असेल तर एका ठरावीक सुरात म्हणा, नाहीतर सरळ 'सिट' घ्या. भाषेचा प्रश्न नाही, शब्द वेगळा ऐकू यायला हवा. याहून गंभीर गोंधळ : बोलावण्यासाठी 'ये' आणि शाबासकीसाठी 'येस' असे दोन शब्द एकाच घरात नकोत. कुत्र्याला ते जवळजवळ सारखेच ऐकू येतात.

घरात एक कागद फ्रिजवर चिकटवा. आजी "खाली बस" म्हणते, बाबा "सिट", आणि शाळेतून आलेली मुलगी "बैठ". तिन्ही एकाच कामासाठी चालले आहेत, आणि 'खाली' हा शब्द सोफ्यावरून उतरण्यासाठीही वापरला जातोय. एका कामाला एक शब्द लिहा, आणि सगळ्यांनी तोच म्हणा. आजीला आदराने समजावून सांगितलं की आजीच सगळ्यात नेमाने पाळतात, असा माझा अनुभव आहे.

जागा. हॉलचा एक शांत कोपरा. टीव्ही बंद. फरशीवर चटई किंवा जुनी सतरंजी हवीच. व्हिट्रिफाइड टाइल्सवर बसताना कुत्र्याचे मागचे पाय घसरतात. बसायला नाखूश असलेली किती तरी कुत्री माझ्याकडे निव्वळ फरशीमुळे आली आहेत.

तब्येत. चटईवरही टेकायला टाळतो, किंवा बसताना एका बाजूला कलतो, असं दिसलं तर शिकवणं थांबवून आधी व्हेटला दाखवा. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचं दुखणं बरंच आढळतं. पावसाळ्यात कान चिघळलेला असला तर डोक्याजवळ आलेला हातही त्याला नको असतो.

शिकवायची वेळ जेवणाआधी तासभर. पोट भरलेलं नको, पण उपाशीही ठेवू नका. फार भुकेला कुत्रा विचार करत नाही, हातावर तुटून पडतो.

टप्पा १ : खुणेचा शब्द

तुमचा हात पिशवीत जाऊन खाऊ तोंडाशी येईपर्यंत दोन सेकंद जातात. तोवर कुत्रा उठतो, मान वळवतो, खाजवतो. म्हणून नेमका क्षण टिपणारा एक छोटा आवाज लागतो. काही जण त्यासाठी क्लिकर, म्हणजे दाबलं की 'टक' वाजणारी छोटी डबी, वापरतात. मी 'टिक' असं तोंडाने म्हणते. एरवी घरात कुणी न म्हणणारा, एका झटक्यात संपणारा आवाज असला की झालं.

कुत्रा समोर आहे, काहीच करत नाहीये. 'टिक' म्हणा, मग हात हलवा, खाऊ द्या. पंधरा-वीस वेळा. थोडं थांबून पुन्हा पंधरा-वीस वेळा. बाकी त्याच्याकडून काही मागू नका.

सगळ्यांकडून होणारी चूक म्हणजे 'टिक' म्हणायच्या आधीच हात पिशवीकडे निघतो. मग कुत्रा हात बघायला शिकतो आणि आवाजाला काही अर्थ उरत नाही. हात पोटाशी स्थिर ठेवा. आवाज संपला की मगच हलू द्या.

तपासा : तो खिडकीबाहेर बघत असताना हळूच 'टिक' म्हणा. मान झटकन तुमच्याकडे वळली तर पुढे चला. वळली नाही तर आणखी एक दिवस इथेच.

सावधान : 'टिक' म्हटलं की खाऊ द्यायचाच, चुकून म्हटलं तरी. क्लिकरला कुत्रा दचकत असेल तर तो सोडा आणि तोंडाचा आवाज घ्या.

टप्पा २ : शब्दाशिवाय 'बस'

या टप्प्यात तोंडातून 'बस' काढायचं नाही. त्याला अजून त्या शब्दाचा अर्थ माहीत नाही, त्यामुळे आत्ता तो म्हणणं म्हणजे शब्द बोथट करणं.

खाऊ अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरा. चिमटी अगदी त्याच्या नाकाला लागेल इतकी जवळ. आता ती नाकावरून कपाळाकडे, दोन कानांच्या मधे, हळू मागे न्या. नाक चिमटीमागून वर जातं, मान मागे झुकते, आणि तोल सांभाळायला मागचं अंग आपोआप खाली येतं. शेपटीखालचा भाग चटईला टेकला त्या क्षणी 'टिक', आणि तो बसलेला असतानाच खाऊ तोंडात. मग एक तुकडा दोन फुटांवर टाका, म्हणजे तो उठेल आणि पुढच्या फेरीला तयार होईल.

तो उड्या मारत असेल तर तुमचा हात फार उंच आहे. मागे मागे सरकत असेल तर भिंतीच्या कोपऱ्यात उभं करून करा. चिमटीवर दात लावत असेल तर वेग कमी करा आणि खाऊ तळहातावर ठेवून द्या. कमरेवर दाबू नका. दाबलं की कुत्रा उलट जोर लावतो, आणि त्याचा सगळा विचार तुमच्या हातावर जातो.

आमची चिमणी पार्किंगमधून घरी आलेली देशी कुत्री. सुरुवातीला ती टेकायची आणि स्प्रिंगसारखी उठायची. चार दिवस मला वाटत होतं की तिच्यात चंचलपणा जास्त आहे. शेवटी फोन चपलांच्या कपाटाला टेकवून व्हिडिओ काढला आणि सावकाश करून बघितला. तिचं अंग टेकलेलं स्पष्ट दिसत होतं, मग पुढचे पाय उचलायला सुरुवात झालेली, आणि तेव्हा माझं 'टिक' ऐकू येत होतं. मी चार दिवस अगदी नेमाने तिला उठायला शिकवत होते. दुसऱ्या दिवशी 'टिक' टेकण्याच्या क्षणावर आणलं, आणि दोन बैठकांत ती स्थिर बसायला लागली. तुम्हीही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकदा व्हिडिओ काढाच. आपला उशीर आपल्याला करताना कळत नाही.

तपासा : दहा तुकडे मोजून घ्या. दहांपैकी आठ वेळा लगेच बसला तर पुढच्या टप्प्यावर. सहा-सात असेल तर इथेच थांबा. पाच किंवा कमी असेल तर काम सोपं करा. हा हिशोब पुढच्या प्रत्येक टप्प्याला लावा आणि एका वहीत लिहा.

टप्पा ३ : हात रिकामा करा

सर्वांत जास्त लोक हाच टप्पा गाळतात, आणि मग वर्षभर तक्रार करतात की "खाऊ दाखवला तरच ऐकतो".

टप्पा २ चा दहांत आठचा हिशोब जमला की चिमटीत खाऊ धरणं पुरे. त्यानंतर हात तसाच चिमटीसारखा धरा, हालचाल तीच ठेवा, पण बोटांत काही नको. तो टेकला की 'टिक', आणि खाऊ दुसऱ्या हाताने पिशवीतून. एक-दोन दिवसांनी खाऊ पिशवीतही नको. टीपॉयवर वाटीत ठेवा, 'टिक' म्हणून चार पावलं चालत जाऊन आणून द्या. 'टिक' पक्कं असेल तर तो थांबतो, कारण आवाज आला म्हणजे खाऊ ठरलाच हे त्याला माहीत असतं.

काम होण्याआधी दाखवली ती लाच, काम झाल्यावर दिला तो पगार. लाचेची सवय लागलेला कुत्रा आधी हात बघून सौदा ठरवतो.

हातात खाऊ घेऊनच दहा-पंधरा दिवस गेले असतील तर आता वेळ लागेल. एक फेरी भरल्या हाताने, दोन रिकाम्या, असं करत उतरा.

टप्पा ४ : आता शब्द

कुत्रा रिकाम्या हाताच्या खुणेवर दहांत आठ वेळा बसतो आहे. आता शब्द जोडायचा. क्रम असा :

शब्द, मग पूर्ण एक सेकंद शांतता, मग हाताची खूण, तो बसतो, 'टिक', खाऊ.

शब्द आणि हात एकाच वेळी आले तर तो फक्त हात बघतो. कुत्र्याचं लक्ष आपल्या अंगाच्या हालचालीवर आपल्या बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. तो एक सेकंद ठेवला की 'बस' ऐकू आलं म्हणजे आता हात येणार, हे तो ओळखतो, आणि काही फेऱ्यांनी हात यायच्या आतच बसतो. ती पहिली वेळ आली की तीन-चार तुकडे एकामागून एक द्या.

शब्द एकदाच. बसला नाही तर तीन सेकंद गप्प उभे राहा. तरी नाही तर दोन पावलं सरका, त्याला हलू द्या, आणि हाताच्या खुणेने एक सोपी फेरी करून घ्या. दुसऱ्यांदा 'बस' म्हटलंत की पार्किंगमधला ब्रूनो तयार व्हायला सुरुवात झाली.

तपासा : दोन्ही हात पाठीमागे बांधून, मान न हलवता 'बस' म्हणा. मग खुर्चीत बसून म्हणा. मग पाठ करून. या तिन्हींत गोंधळला तर तो अजून तुमच्या अंगाची खूण वाचतोय, शब्द नाही. वाईट काही नाही, टप्पा ४ चे आणखी दोन दिवस लागतील.

टप्पा ५ : घराबाहेर

हॉलमध्ये शिकलेलं 'बस' कुत्र्याच्या दृष्टीने हॉलमधलंच असतं. जागा बदलली की अर्धं काम नव्याने करावं लागतं. "घरी तर करतो, बाहेर मुद्दाम करत नाही" हे मी रोज ऐकते. मुद्दाम नाही. त्याने ते तिथे कधी शिकलेलंच नाही.

पायऱ्या लहान ठेवा : हॉल, स्वयंपाकघर, दाराबाहेरचा पॅसेज, दुपारचं रिकामं पार्किंग, संध्याकाळचं पार्किंग, गेटच्या आत, आणि मग फुटपाथ. नव्या जागी पहिल्या फेऱ्या पुन्हा हाताच्या खुणेने घ्या आणि खाऊ चांगला ठेवा. घरात पोळीचा तुकडा चालत असेल, पण भेळेच्या गाडीशेजारी चिकन लागतं.

अवघडपणा तीन बाजूंनी वाढतो : किती वेळ बसायचं, तुम्ही किती दूर, आणि आजूबाजूला किती गडबड. एका वेळी एकच वाढवा, आणि ते वाढवताना बाकीचे दोन कमी करा. घरात तो वीस सेकंद बसत असेल, तर डिलिव्हरीवाला स्कूटर लावत असताना दोन सेकंद मागा आणि अगदी शेजारी उभे राहा.

लिफ्ट हा सोसायटीतला सगळ्यात कठीण वर्ग. दार अचानक उघडतं, आतून अनोळखी माणूस किंवा दुसरा कुत्रा बाहेर येतो, आणि मागे जायला जागा नसते. तिथली सुरुवात लिफ्ट न घेता करा. दुपारी दारापासून सहा-सात फुटांवर उभे राहा, दार उघडलं की 'टिक' आणि खाऊ, बंद झालं की काही नाही. आठ-दहा वेळा झालं की तो दाराऐवजी तुमच्याकडे बघायला लागतो. मग तिथे 'बस'.

गल्लीतली कुत्री त्यांच्या हद्दीत उभी असताना तिथे धडा घेऊ नका. रस्ता ओलांडा. शिकायला डोकं शांत लागतं, आणि समोर तीन कुत्री गुरगुरत असताना तुमचंही शांत नसतं.

सावधान : एप्रिल-मेमध्ये दुपारी डांबरी रस्त्यावर नेऊ नका. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही. बाहेर काढायच्या आधी रेबीजची लस आणि महापालिकेचा परवाना झालेला असू द्या. पिल्लाचं लसीकरण पूर्ण व्हायचं असेल तर त्याला रस्त्यावर खाली ठेवू नका, पार्वो या जीवघेण्या विषाणूचा धोका असतो. पण घरात कोंडूनही ठेवू नका. जगाची ओळख करून घ्यायचं त्याचं वय साधारण तीन ते चौदा आठवड्यांचं असतं. कडेवर घेऊन रिक्षा, सायकली, शाळेतून सुटलेली मुलं दाखवा, आणि प्रत्येक नव्या गोष्टीमागून एक तुकडा द्या.

टप्पा ६ : 'ये'

'बस' चुकलं तर फार बिघडत नाही. 'ये' चुकलं तर कुत्रा गाडीखाली येतो. म्हणून याचे नियम कडक आहेत.

आधी बघा की सध्याचा तुमचा 'ये' जिवंत आहे का. बोलावून आंघोळ घातली, बोलावून कानात औषध टाकलं, फिरणं संपवायला बोलावलं, उशिरा आला म्हणून रागावलात, असं बऱ्याचदा झालं असेल तर त्याच्यासाठी 'ये' म्हणजे मजा संपली. असा शब्द दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका. नवा घ्या. 'इकडे' चालेल, पण घरात कुणाशीही बोलताना "इकडे आण" म्हणायची सवय असेल तर तोही नको. आमच्याकडे शिट्टी आहे, कारण ती चौघांच्या तोंडून सारखीच वाजते आणि तिच्यात राग उतरत नाही.

घरात सुरुवात : दोघं जण खोलीच्या दोन टोकांना. एकाने शब्द म्हणायचा आणि दोन पावलं मागे जायचं, कारण मागे सरकणाऱ्या माणसाकडे कुत्रा धावतो. तो निघाला की 'टिक'. पोचल्यावर नाही, निघताना, कारण समोरचं सोडून वळण्याचा तो निर्णयच आपल्याला हवा आहे. पोचल्यावर एका हाताने गळ्याच्या पट्ट्याला हलका स्पर्श करा, आणि दुसऱ्या हाताने खाऊ. हा स्पर्श गाळू नका. नाहीतर कुत्रा येतो, हातभर अंतरावर थांबतो, आणि पट्टा धरायला गेलात की पळतो.

मग बाहेर, आठ-दहा मीटरच्या लांब दोरीवर. दोरी हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला लावा, गळ्याला नाही. तो धावत टोकाला पोचला तर गळ्याला जबर हिसका बसतो. दोरी ओढून आणायची नाही. ती फक्त तो निसटू नये म्हणून आहे. गवत हुंगत असताना लगेच बोलावू नका. मान वर झाली, तुमच्याकडे ओझरतं बघितलं, तेव्हा बोलवा. नंतरच्या दिवसांत हळूहळू अवघड क्षण घ्या.

आला की एकामागून एक पाच-सहा तुकडे द्या, आणि लगेच "जा, हुंग" म्हणून परत सोडा. दहा वेळा बोलावलंत तर नऊ वेळा परत सोडायचं. परत जायला मिळणं हे त्याच्यासाठी चिकनपेक्षा मोठं बक्षीस असू शकतं, आणि 'ये' म्हणजे घरी जाणं ही शंका त्यानेच जाते. आंघोळ, औषध, परत निघणं यासाठी बोलावू नका, स्वतः चालत जाऊन पट्टा लावा.

तो येईल याची खात्री नसेल तेव्हा शब्द वापरूच नका. त्याच्याकडे चालत जा.

तपासा : दोरीवर, तीन वेगवेगळ्या जागी, दहांत नऊ वेळा पहिल्या हाकेला येतो का? इथे आठ पुरत नाहीत.

वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी या ठिकाणी दहांत दहा झाले तरी दोरी सोडू नका. मोर समोरून उडाला की वर्षभराचं शिक्षण मोराच्या मागे जातं. मोर घाबरतो, पहाटे फिरायला आलेले ज्येष्ठ नागरिक घाबरतात, आणि टेकडीच्या पायथ्याशी रस्ता असतो.

टप्पा ७ : खाऊ कमी करणे

दोन टोकांच्या चुका दिसतात. काही जण आयुष्यभर प्रत्येक वेळी देतात. काही जण "आता आलं त्याला" म्हणून एका दिवशी बंद करतात. एकदम बंद केलं की कुत्रा आधी जास्त जोरात प्रयत्न करतो, भुंकतो, पाय मारतो, आणि मग ते काम सोडून देतो.

एखाद्या जागी काम पक्कं झालं की दर वेळेऐवजी अधूनमधून द्या, पण ठरावीक अंतराने नको. कधी लागोपाठ दोनदा, कधी चौथ्यांदा, कधी एकदम पाच तुकडे. उरलेल्या वेळी रोजच्या गोष्टींनी पगार द्या : 'बस' केलं की दार उघडतं, पट्टा लागतो, जेवणाचं भांडं खाली येतं. 'ये' ला मात्र खाऊ कमी करू नका. हाक मारायची वेळ कधी येईल सांगता येत नाही, तेव्हा ते खातं भरलेलं हवं.

अधूनमधून मिळणाऱ्या गोष्टीची सवय सगळ्यात चिवट असते, हे नको त्या सवयींनाही लागू पडतं. जेवायला बसल्यावर आजोबा रोज देत नाहीत. आठवड्यातून एकदा, फार केविलवाणं तोंड केलं की पोळीचा एक घास टाकतात. त्या एका घासावर कुत्रा उरलेले सहा दिवस टेबलाशी बसतो. सोडवायचं असेल तर घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवसापासून थांबायला हवं, आणि त्याला तेव्हा करायला दुसरं काम हवं : कोपऱ्यातली चटई, तिथे बसला की तिथेच खाऊ. थांबल्यावर पहिले तीन-चार दिवस त्याचा हट्ट वाढेल. त्या दिवसांत कुणी विरघळलं तर त्याने शिकलेलं असतं की अजून जोरात मागायचं.

उड्या मारण्याचंही तसंच. 'उडी नको' हे काम नाही, त्यात करायचं काही नाही. पाहुणे आले की 'बस', आणि बसल्यावरच पाहुण्यांनी हात लावायचा. ते जमेपर्यंत घंटा वाजली की पट्टा लावा.

सावधान : वर्तमानपत्राची गुंडाळी, गळा आवळणारी साखळी, नाकावर टिचकी यांनी वागणं थांबलेलं दिसतं, पण कुत्र्याला काय करायचं ते कळत नाही. तो मारणाऱ्या हाताची धास्ती शिकतो. गुरगुरण्यावर तर कधीच मारू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मारून बंद केली की उरतो तो सूचनेशिवायचा चावा, आणि तो अनेकदा घरातल्या लहान मुलाला होतो. ओठ चाटणं, जांभई, मान फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं ही गुरगुरण्याच्या आधीची भाषा आहे. ती दिसली की जे चाललंय ते थांबवा.

ढोल आणि फटाक्यांसाठी हाच क्रम

आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्याला काही करायला शिकवायचं नसतं, आवाजाचा अर्थ बदलायचा असतो. ही जोडीची वाट. क्रम : आधी आवाज, मग लगेच खाऊ. बहुतेक जण उलटं करतात, खाऊ देत असताना आवाज लावतात, आणि मग खाऊ दिसला की कुत्रा घाबरायला लागतो.

ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग इतक्या हळू लावा की तो फक्त कान हलवेल. आवाज सुरू, तुकडे सुरू. आवाज बंद, तुकडे बंद. पाच मिनिटं पुरेत. आवाज किंचित वाढवायचा तो दोन-तीन दिवसांनी, तेही तो आवाज ऐकून तुमच्याकडे अपेक्षेने बघत असेल तरच. खाणं थांबवलं, धापा टाकल्या, शेपूट पायांत गेली, तर आवाज जास्त झाला. लगेच कमी करा. नदीपात्रात पथकांचा सराव गणपतीच्या बऱ्याच आधी सुरू होतो, त्यामुळे हे काम मेमध्येच हाती घ्या. सराव सुरू झाल्यावर दूरच्या पुलावरून खरा आवाज ऐकवता येतो.

खऱ्या भीतीच्या वेळी, म्हणजे बाहेर लड लागलेली असताना, शिकवायला जाऊ नका. खिडक्या बंद, पंखा सुरू, आतली खोली, आणि तो जवळ आला तर जवळ घ्या. जवळ घेतल्याने भीती वाढत नाही.

मागच्या दिवाळीत तो थरथरत होता, लाळ गाळत होता किंवा दार खरवडत होता, तर यंदा औषधाबद्दल व्हेटशी दसऱ्याच्या आधीच बोला. मात्रा एका साध्या दिवशी घरी देऊन बघावी लागते आणि तिचा परिणाम कळवावा लागतो. वसुबारसेला त्यासाठी वेळ उरलेला नसतो.